बुडवीचा हात

पाने, हातोड्या आणि पकडी बनवणाऱ्या एका कारखान्यात तिने एकोणीस वर्षं एकच काम केलं. तापवलेल्या पकडीच्या मुठी लाल, दाटसर द्रव प्लास्टिकमध्ये बुडवायच्या आणि बाहेर काढायच्या. ऐकायला काम एवढंच.

नव्या आलेल्या बायकांना ती सांगायची, बुडवायला कुणालाही येतं, काढायला येत नाही. घाईने काढलं की थर ओघळतो. काढताना हात मध्येच थबकला की मुठीवर गोल वळ उठतो. आणि काढल्यावर वेळेत उलटी धरली नाही, तर टोकाला थेंब जमतो आणि तसाच गोठतो. वळ किंवा थेंब दिसला की तपासनीस ती पक्कड बाजूच्या पेटीत टाकायचा. संध्याकाळी कुणाची पेटी किती भरली हे अख्ख्या विभागाला कळायचं. तिची पेटी बहुतेक वेळा रिकामी. त्यावरून सगळे तिला बुडवी म्हणू लागले. तिला त्याचं काही वाटत नसे. उलट ती म्हणायची, लोक बुडवून तोंड लपवत फिरतात, मी बुडवून मान वर करून फिरते.

मग यंत्र आलं. ते एका वेळी ऐंशी पकडी बुडवायचं, आणि एकसारख्या काढायचं. तिने ते जवळ उभं राहून पाहिलं आणि घरी येऊन नवऱ्याला सांगितलं की काम चांगलं करतं, नावं ठेवायला जागा नाही. तिला खोकी भरायच्या विभागात पाठवलं. तिथे दोन महिने काढून ती घरी बसली. तेव्हा ती एक्कावन्न वर्षांची होती.

घरी तिच्यासकट माणसं तीन. नवरा शहरातली बस चालवायचा, त्याच्या पाळ्या बदलत्या. मुलगी लग्न होऊन दूर गेलेली. आणि सासरे, निवृत्त पोस्टमन. तेहतीस वर्षं त्यांनी पायी टपाल वाटलं होतं. कुठल्या गल्लीत किती दारं, कुठल्या जिन्याची कितवी पायरी निखळलेली, हे त्यांना पाठ होतं. निवृत्तीनंतर त्यांना एकच नाद उरला होता, मासे धरायचा. रोज सकाळी चहा झाला की गळाची काठी आणि पत्र्याचा डबा घेऊन ते पाणीपुरवठ्याच्या पंपघरामागच्या तळ्यावर जायचे. दगडी काठावर बसायचे, अकरापर्यंत परत. कधी मासा यायचा, कधी नुसतेच सासरे.

ती घरी बसली त्याच सुमारास त्यांचं एक आमिष बाजारातून नाहीसं झालं. ते होतं करंगळीएवढं, मऊ प्लास्टिकची पोकळ नळी. तोंडाकडून बंद, मागच्या बाजूने बारीक चिरून झालर केलेली. पोटात शिशाचा गोळा जोडलेला गळ बसवायचा आणि तळाशी हळूहळू ओढायची, म्हणजे झिंगा सरपटावा तशी ती सरपटते. वीस वर्षं ते हेच आमिष वापरत होते. दुकानदाराने सांगितलं की कंपनीने हा माल बंद केला, आता साच्यातलं भरीव येतं. सासऱ्यांनी भरीव आणून पाहिलं. जेवताना ते म्हणाले की मासा तोंडात घेतो, दात लावतो आणि थुंकतो. तो काय खुळा आहे, रबर चावायला.

त्यांच्याकडे जुनी दोनच उरली होती. तिने त्यातलं एक हातात घेतलं, उजेडात धरलं, आणि भिंतीची जाडी नखाने चाचपली. तोंडाकडे किंचित जाड, झालरीकडे पातळ होत गेलेली. दोन थर, आतला हिरवट, बाहेरचा स्वच्छ, मध्ये काळी चमकी अडकलेली.

"बाबा, हे बुडवून केलंय," ती म्हणाली.

सासऱ्यांनी विचारलं की मग जमेल का. ती म्हणाली, बघते.

बघण्यात दीड महिना गेला. कारखान्यातल्या जुन्या फिटरने तिला गुळगुळीत पोलादाच्या आठ सळया कापून दिल्या, टोकं घासून गोल केली. पातळ प्लास्टिकचा डबा, मऊपणासाठी घालायचं तेल, रंग आणि चमकी दुकानदाराने ओळखीतून मागवून दिली. मागच्या व्हरांड्यात तिने विजेची शेगडी मांडली, जाड बुडाचं जुनं पातेलं घेतलं, जे परत स्वयंपाकात जाणार नव्हतं, आणि पाठीमागे पंखा लावला, कारण वाफ नाकात गेली की डोकं धरायचं. दुधासारखं पांढरं ते प्लास्टिक तापायला लागलं की आधी फाटल्यासारखं गुठळ्या धरायचं. पहिल्या दिवशी तिला वाटलं, नासलं. पण ढवळत राहिलं की पुन्हा पातळ व्हायचं आणि मधासारखं आरपार दिसायचं. बुडवायचं ते तेव्हाच. त्यापुढे गेलं की पिवळं पडून धूर यायचा.

एकोणीस वर्षांचा हातही सुरुवातीला उपयोगी पडला नाही. कारखान्यात लोखंड गरम आणि प्लास्टिक थंड, इथे सगळं उलटं. पहिल्या नळ्या बोटासारख्या जाड झाल्या, दुसऱ्या सळईवरून निघताना फाटल्या. एकदा तिने थंड पाण्यात बुडवलेली सळई नीट न पुसता पातेल्यात घातली. पाण्याचा एकच थेंब होता, पण पातेलं फुत्कारलं आणि मनगटावर चटका बसला. नवऱ्याने जखमेला मलम लावता लावता विचारलं की बापाचा नाद तुला कधीपासून लागला. ती म्हणाली की मला मासे नकोत, मला हे नळीचं कोडं सोडवायचंय.

आणि एक दिवस सुटलं. सळई सरळ आत, मनात चार आकडे, मग न थांबता वर, लगेच उलटी, म्हणजे टोकाला जमू पाहणारा थेंब मागे पसरून जिरून जातो. थर बसला की दुसरी बुडी. थंड झाल्यावर बोटाला तेल लावून नळी गुंडाळत काढली, पात्याने झालर कापली आणि सासऱ्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती अंगठ्याने दाबली, गालाला लावली, ओठांत धरली. दुसऱ्या दिवशी अकराला आले ते दोन मासे घेऊन.

पुढे ती दुकानदारालाही नळ्या देऊ लागली आणि तिने तीन रंग बसवले. सासऱ्यांचं गणित तसंच होतं. पाणी नितळ असेल तर हिरवा, गढूळ असेल तर काळा, आभाळ भरलेलं असेल तर पांढरा. प्रत्येक नवा घाणा निघाला की ती त्यांना एक नमुना द्यायची. ते खिडकीशी जायचे, उजेडात धरायचे, फिरवून बघायचे आणि रंगावर बोलायचे. यात पिवळं जास्त, याला चमकी कमी. तिला ते आवडायचं. नळीकडे इतक्या बारकाईने बघणारं दुसरं कुणी नव्हतं.

असंच एका दुपारी तिने दोन घाणे काढले होते. एक नेहमीचा हिरवा, आणि दुसरा दुकानदाराने कुणासाठी तरी सांगितलेला लाल, पकडीच्या मुठीसारखा भडक. घाईत तिच्या हातून लाल गेला. तो चुकीचा आहे हे लक्षात येऊन ती परत मागणार, तोवर सासरे खिडकीशी पोचले होते. त्यांनी नळी उजेडात धरली, सवयीने फिरवली आणि म्हणाले, "हा हिरवा जमला. मागच्यात पिवळं जास्त होतं."

ती "हो," एवढंच म्हणाली.

ती पातेल्यापाशी परत आली, पण हात चालेना. आता एकेक आठवायला लागलं. वर्षभरापूर्वी त्यांनी वर्तमानपत्र सोडलं होतं, त्यात नवीन काय असतं म्हणून. चपला नेहमी दाराच्या डाव्या कोपऱ्यात, एक इंच इकडे तिकडे नाही. एकदा तिने स्टूल सरकवलं होतं, तर आयुष्यात कधी आवाज न चढवणारा माणूस तिच्यावर ओरडला होता. ज्या रस्त्यांवर तेहतीस वर्षं पाय चालले होते, ते रस्ते ओळखायला डोळ्यांची गरज नव्हती. घरातल्या कुणाला संशय यावा असं काही घडलंच नव्हतं.

नवऱ्याला सांगायचं तर पुढचं तिला दिसत होतं. दरवर्षी डोळे तपासून घेतल्याशिवाय त्याला बस चालवू देत नसत. डोळ्यांच्या बाबतीत तो हयगय खपवून घेणारा नव्हता. त्याच दिवशी काठी माळ्यावर गेली असती. न सांगायचं तर उद्या म्हातारा पाण्यात गेला की जन्मभर आपल्याच डोक्यावर. रात्री तिने अर्धी भाकरी ताटातच टाकली. नवऱ्याने विचारलं तर म्हणाली, वाफेने डोकं धरलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चप्पल घातली आणि सासऱ्यांना म्हणाली की माझं आमिष पाण्यात चालतं कसं ते मला एकदा बघायचंय. त्यांनी डबा उचलला. मग म्हणाले, ये.

त्यानंतर ती रोज जाऊ लागली. ती दोन पावलं मागे चालायची. कोपऱ्यावरच्या गटारापाशी ते न अडखळता लांब पाऊल टाकत, पंपघराची भिंत लागली की बोटं तिच्यावरून फिरवत काठापर्यंत येत. गाठ बांधताना दोरीचं टोक ते ओठांत धरत. काठावर बसल्यावर ते सहज विचारल्यासारखं विचारायचे, "सूनबाई, पाणी कसं वाटतं तुला आज?" जसं काही तिला शिकवत होते. ती म्हणायची गढूळ आहे, तळ दिसत नाही. मग ते म्हणायचे, अशा वेळी काय लावावं? काळा, ती म्हणायची. दे मग, ते म्हणायचे, आणि ती डब्यातून काळा काढून द्यायची. मास्तर आणि विद्यार्थी असं हे नाटक दोघांनीही चांगलं वठवलं. पण कधी तिला जायला जमत नसे. तेव्हा ते एकटे जात, डब्यात हात घालत, आणि जे बोटाला लागेल ते लावत. रिकाम्या हाताने येत आणि म्हणत, आज मासा नव्हता.

हे तिला सलत होतं. एके दिवशी पातेल्यासमोर बसून तिने बराच विचार केला आणि मग काळ्याची सळई वर काढली, पण उलटी केली नाही. टोकाला थेंब जमू दिला, लोंबू दिला, गोठू दिला. तो थेंब बघवत नव्हता. एकोणीस वर्षं जो दिसू नये म्हणून जिवाचा आटापिटा केला, तोच आता हाताने ठेवायचा. तिने बारा काळे तसे केले. पांढऱ्याच्या वेळी सळई अर्धी वर आली की मुद्दाम थबकली, नळीच्या कमरेला वळ उठला. हेही सोपं नव्हतं. पहिल्या चार वेळा हात थांबायलाच तयार नव्हता.

संध्याकाळी सासरे व्हरांड्यात बसले होते. नवरा कामावर होता. तिने डबा त्यांच्या मांडीवर ठेवला.

"बाबा, या वेळी हात चुकला. काळ्यांच्या टोकाला थेंब राहिलाय."

त्यांनी एक नळी घेतली. थेंबावर अंगठा फिरवला. "सगळ्या काळ्यांना?"

"सगळ्यांना."

"आणि पांढऱ्यांना?"

"त्यांना मध्ये वळ उठलाय. हात थबकला."

"एकोणीस वर्षांत नाही थबकला तो." ते डब्यात बोटं फिरवत राहिले. "हिरवे?"

"हिरवे साफ आहेत."

त्यांनी डबा पुरता रिकामा केला. थेंबवाले एकीकडे, वळवाले एकीकडे, साफ तिसरीकडे. एकही चुकला नाही. ढीग लावून झाल्यावर तिच्याकडे न वळता त्यांनी विचारलं, "कधीपासून माहीत आहे?"

"हिरवा म्हणून लाल दिला होता, तेव्हापासून."

ते हसले, पण हसू तोंडावर टिकलं नाही. सांगू लागले की आधी कडेकडेचं गेलं, मग मधलं धुरकट झालं, आता खिडकी कुठे आहे तेवढं कळतं. त्यांनी एवढंच मागितलं की मुलाला सांगू नकोस. ती म्हणाली की तळ्यावर जाणं सुटणार नाही, त्याची जबाबदारी माझी. पण डोळे डॉक्टरला दाखवायचे, आणि यांच्यापासून लपवायचं नाही. यावर दोघांत बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी म्हाताऱ्याने मान हलवली.

त्या लाल नळीला तोवर चार महिने झाले होते.

डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की काचबिंदू आहे. डावा डोळा पूर्ण गेला. उजव्यात थोडा उजेड आहे, तो डोळ्यात औषधाचे थेंब घालून टिकेल, पण गेलेलं परत येत नाही. मग त्यांनी विचारलं, आणायला इतका उशीर का केला. नवऱ्याने बापाकडे पाहिलं. बापाने सगळं स्वतःवर घ्यायचा प्रयत्न केला, पण तिने मध्येच सांगून टाकलं की मला चार महिने माहीत होतं. चार महिन्यांनी काही फरक पडला असता का, असंही तिनेच विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की पडला असता किंवा नसता, आता सांगता येणार नाही.

नवरा घरी आल्यावर बोलला. "मी रोज पन्नास माणसं घेऊन फिरतो, आणि माझ्याच घरात माझ्या बापाला दिसत नाही हे मला कळू दिलं नाहीस." तो ओरडला असता तर तिला उत्तर देता आलं असतं. तो हळू बोलला. त्यानंतर आठ दिवस तो तिच्याशी कामापुरतंच बोलत होता. तिने स्वतःची बाजू मांडली नाही. तिची बाजू होती, पण ती पुरेशी आहे की नाही, हे तिलाच ठरवता येत नव्हतं. म्हाताऱ्याचं तळं राखलं हे खरं, आणि त्या चार महिन्यांत डोळ्यातलं काय गेलं ते कुणालाच माहीत नाही, हेही खरं.

नवव्या दिवशी, सुट्टीच्या सकाळी, तो बापाबरोबर तळ्यावर निघाला. ती घरीच थांबली. नंतर सासऱ्यांनीच तिला हसत हसत सांगितलं की दारातून निघाल्यावर थोड्या अंतरावर पोराने डोळे मिटून घेतले आणि मी चालतो म्हणाला, बघू तुम्ही कसे जाता. कोपऱ्यावरच्या गटारात त्याचा एक पाय गेलाच. सासऱ्यांनीच दंड धरून वर घेतला. परत आला तेव्हा पँट घोट्यापर्यंत भिजलेली होती आणि राग उतरला होता. पुढच्या सुट्टीत पंपघराच्या साहेबांना विनवून त्याने काठावर कमरेइतका लोखंडी पाईप रोवून घेतला. बापाने कुरकुर केली की काठी फेकताना हात अडतो. पण धरायचे मात्र त्यालाच.

दुकानदाराला थेंबाची नळी पहिल्यांदा दिसली तेव्हा त्याने मालात खोट काढली. तिने कारण सांगितलं नाही, फक्त म्हणाली की हे विकायचे नाहीत. पण तळ्यावर येणारे म्हातारे काही एकटे सासरेच नव्हते. पहाटेच्या अंधुक उजेडात डब्यात रंग शोधताना त्यांचेही डोळे ताणत होते. सासऱ्यांच्या डब्यात बोट घालून त्यांनी गंमत ओळखली, आणि दुकानात जाऊन थेंबवाले मागायला लागले. दुकानदार परत तिच्या दारात आला, या वेळी बसून बोलला. तिने त्याला दोन्ही प्रकार द्यायला सुरुवात केली. साफ तरण्यांसाठी, चुकीचे जाणत्यांसाठी, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा.

सासरे त्यानंतर तीन वर्षं मासे धरत होते. शेवटच्या वर्षी उजव्या डोळ्यातला उजेडही गेला, पण त्यांनी ते या वेळी त्याच दिवशी सांगितलं, जेवता जेवता, मीठ मागावं तसं. थंडीत छातीत कफ झाला, दवाखान्यात पाच दिवस होते, आणि एका दुपारी मुलगा आणि सून दोघं जवळ असताना गेले.

तिने दोन महिने शेगडी लावली नाही. दुकानदार आला नाही, निरोपही पाठवला नाही, हे तिला बरं वाटलं.

मग एका रविवारी नवरा काठी खांद्याला लावून उभा राहिला. त्याने आयुष्यात कधी मासा धरला नव्हता. म्हणाला, चल, मला गाठ बांधता येत नाही. तळ्यावर कुणी फारसं नव्हतं. तिने गाठ बांधून दिली. त्याने काठी फेकली ती पहिल्यांदा मागच्या झुडपात, दुसऱ्यांदा पायाशी, तिसऱ्यांदा कशीबशी पाण्यात. दोघं दगडावर टेकले. तो दोरीकडे बघत म्हणाला, "त्या चार महिन्यांचं मी परत कधी काढणार नाही."

"काढ," ती म्हणाली. "मनात आलं की काढ. मीही काढते, रोज."

त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तेवढ्यात काठीचं टोक वाकलं आणि तो इतका दचकला की काठीच हातातून सुटणार होती. तिने ती धरली. ओढू नको, दोर सैल दे, आता घे, असं ती सांगत गेली आणि तो करत गेला. मासा वीतभर निघाला. त्याला ओल्या हातात कसं धरायचं तेही त्याला माहीत नव्हतं. तिने गळ सोडवला, मासा पाण्यात ठेवला, तो क्षणभर तसाच राहिला आणि गेला.

दोन वाजता त्याची पाळी होती. साडेअकरापर्यंत दोघं तिथेच बसले होते.